वेग कुणी कमी करायचा?

सायकल आणि मोटार यांनी एकाच रस्त्यावर चालावं का, हा वाद पुण्यात निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. सायकलवाला म्हणतो, 'रस्ता सगळ्यांचा आहे.' गाडीवाला म्हणतो, 'मग कडेनं चालवा ना!' पहिल्या वाक्यातला हक्क खरा आहे. तो बजावताना हाडं शाबूत कशी ठेवायची, एवढंच त्यात सांगितलेलं नाही. दुसऱ्या वाक्यातली 'कड' बोलणाऱ्यानं बहुतेक वेळा फक्त काचेआडून पाहिलेली असते. तिथं गाड्या उभ्या असतात, त्यांची दारं न बघता उघडतात, गटाराच्या जाळ्या आणि खोल बसलेली चेंबरची झाकणं असतात, पावसानं वाहून आणलेली खडी असते आणि उलट्या दिशेनं घुसलेली एखादी दुचाकी समोरून येत असते. कडेनं चालवणारा या सगळ्याला चुकवायला हातभर आत येतो, आणि नेमका तेव्हाच मागून हॉर्न वाजतो.

सायकलनं कुठं चालावं, हा माझ्या मते या वादातला दुय्यम प्रश्न आहे. आधी मोटारीच्या वेगाचं ठरवायला हवं. जिथं मोटारी सायकलीच्या जवळपासच्या वेगानं धावतात, तिथं दोघी एकत्र नांदू शकतात. जिथं मोटारींना त्याहून बराच जास्त वेग द्यायचा आहे, तिथं सायकलीला स्वतंत्र आणि सलग जागा द्यावीच लागते. या दोन्हींपैकी काहीच न करता 'सगळ्यांनी समजुतीनं घ्यावं' असं म्हटलं, की समजूत दाखवण्याची पाळी ज्याला मार लागणार आहे त्याच्यावरच येते. आपल्या शहरांनी गेली कित्येक वर्षं हाच तिसरा मार्ग धरला आहे.

पुणं याचं चांगलं उदाहरण आहे, कारण या शहराला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपर्यंत पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागे. कॉलेजांच्या आवारात सायकल स्टँड असत, गल्लोगल्ली तासावर सायकल भाड्यानं मिळे. सायकलीवर कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं, की पोलीस अडवत. थोडक्यात, सायकल हे रीतसर वाहन होतं. तिचे नियम होते, दंड होता, मान होता. मग १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली, बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायाद्या लागल्या आणि पुढं त्या याद्याही संपल्या. २०१८ मध्ये आरटीओकडे नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला, तेव्हा शहराची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. या साऱ्या काळात पुण्यात सायकलबंदीचा ठराव कुणी केला नाही. रस्ते रुंद होत गेले, वेग वाढत गेला, आणि एकेका घरानं आपापल्या मुलांपुरता निर्णय घेतला: आता सायकल नको.

सायकलवाल्याच्या हक्कावरचा एक आक्षेप आधी निकालात काढू. 'आम्ही रोड टॅक्स भरतो, सायकलवाले काय भरतात?' मोटार वाहन कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. शहरातल्या गल्ल्या आणि बहुतेक रस्ते महापालिका आपल्या अंदाजपत्रकातून करते. त्या अंदाजपत्रकात मिळकतकर असतो, आणि जकातीच्या जागी आलेल्या करांतून मिळणारा वाटाही असतो. घरभाडं देणारा आणि दुकानातून साबण घेणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो, मग त्याच्याकडे गाडी असो वा नसो. दुसरा आक्षेप परवान्याचा. गाडी चालवायला परवाना लागतो, सायकलीला लागत नाही, म्हणून रस्त्यावर गाडीवाल्याचा अधिकार जास्त, असं काही जण सुचवतात. यात उलटापालट झाली आहे. चालायला परवाना लागत नाही, कारण चालणाऱ्याकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका जवळपास नसतो. परवाना ही धोकादायक यंत्र सार्वजनिक जागेत आणण्याची अट आहे. ज्याच्यावर अट घातली आहे त्यानं तिलाच मालकी हक्काचा दाखला समजणं चमत्कारिक आहे.

हक्क मान्य झाला तरी पेच उरतो, आणि त्याबाबत सायकलवाल्यांतच जुने मतभेद आहेत. १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूलगत खास सायकलींसाठी मार्ग बांधला गेला, तेव्हा त्याला विरोध केला तो सायकलिस्ट्स टुरिंग क्लब या सायकलस्वारांच्याच संस्थेनं. बाजूला एक पट्टी दिली की उद्या मुख्य रस्त्यावरून आम्हाला हाकलतील, ही त्यांची भीती होती. चार दशकांनी अमेरिकेत जॉन फॉरेस्टर या इंजिनिअरनं हाच विचार शास्त्र म्हणून मांडला. सायकलस्वारानं स्वतःला वाहनचालक समजावं, लेनच्या मधोमध ठामपणे चालवावं, वळताना मोटारीसारखंच वळावं. वेगळे ट्रॅक धोकादायक असतात, कारण चौकात ते सायकलीला चालकाच्या नजरेआड ठेवून अचानक पुढ्यात आणतात, असं तो सांगे.

या मताला हसण्यात अर्थ नाही. त्यातली चौकाबद्दलची तक्रार खरी आहे. वाईट बांधलेला ट्रॅक चौकातच दगा देतो. हकालपट्टीची भीतीही निराधार नव्हती. कोलकात्यात २००८ पासून पोलिसांनी काही रस्त्यांवर सायकलबंदी आणली आणि २०१३ मध्ये ती १७४ रस्त्यांपर्यंत नेली. कारण काय, तर वाहतूक मंदावते. दूधवाले, पेपरवाले आणि फेरीवाले यांची रोजीच त्या यादीत अडकली. पुढं यादी आखडली, पण सायकल ही वाहतुकीतली अडचण आहे हा विचार सरकारी कागदावर उतरला तो उतरलाच.

तरीही फॉरेस्टरच्या मार्गात एक मोठी खोट आहे. तो धडधाकट, सरावलेल्या आणि बहुधा पुरुष सायकलस्वारासाठी आखलेला आहे. सिंहगडाचा घाट चढून येणाऱ्या तरुणाला तो जमेल. सातवीतल्या मुलीला, साठीतल्या आजोबांना किंवा पाळीहून दमून परतणाऱ्या वॉचमनला मागून येणाऱ्या टँकरसमोर लेन धरून ठाम राहा, असं सांगणं क्रूरपणाचं आहे. धैर्याची अट घालून दिलेला हक्क थोड्यांनाच वापरता येतो. रस्त्यावर फक्त धीट सायकलस्वार उरले, की 'सायकल चालवतं कोण? चार हौशी लोक!' असं म्हणायची सोय होते.

नेदरलँड्सचा दाखला या वादात नेहमी निघतो आणि नेहमी अर्धाच सांगितला जातो. महायुद्धानंतर तिथंही मोटारी वाढल्या, सायकली घटल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटात मोटारबंद रविवार आले आणि लोकांनी मोकळे रस्ते पाहिले. पुढं धोरण बदललं. इथवरची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. उरलेला भाग असा, की डच लोकांनी प्रत्येक रस्त्यावर ट्रॅक बांधला नाही. वस्तीतल्या असंख्य रस्त्यांवर आजही सायकल आणि मोटार एकाच डांबरावर चालतात. तिथं मोटारीला ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असते आणि रस्त्याची घडणच अशी, की वेग घ्यावासा वाटू नये. ट्रॅक येतो तो वेगवान, मोठ्या रस्त्यांवर. एकत्र की वेगळं, हे तिथं मोटारीच्या वेगावरून आणि गर्दीवरून ठरतं.

यामागचं गणित शाळेतलं आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी ३० ऐवजी ६० नं येणारी तीच गाडी धडकली, तर आघातामागची ऊर्जा चौपट असते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरलं, तर ३० च्या वेगाला गाडी त्या सेकंदात सव्वाआठ मीटर पुढं गेलेली असते आणि ६० ला साडेसोळा मीटरहून जास्त. सायकल साधारण १५ च्या वेगानं चालते. ३० च्या गाडीला तिच्यामागं क्षणभर थांबता येतं, नजरेला नजर देता येते, हातानं 'जा पुढं' म्हणता येतं. ६० ला यातलं काहीच घडत नाही. तिथं सौजन्य दाखवायला वेळच उरत नाही. म्हणून वाहतूक शिस्तीची व्याख्यानं वेगाला हात न लावता दिली, तर ती वाया जातात.

हे आपल्याला उशिरा कळलं, असंही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९६२ मध्येच सायकल ट्रॅकबद्दलचे संकेत छापले होते. ज्या रस्त्यावर तासाला २०० हून अधिक मोटारवाहनं जातात, तिथं गर्दीच्या तासाला शंभरच सायकली असल्या तरी स्वतंत्र ट्रॅक समर्थनीय आहे, असं त्यात म्हटलं होतं. तासाला २०० म्हणजे मिनिटाला तीन-साडेतीन गाड्या. आज कर्वे रस्त्यावर हिरवा दिवा लागल्याबरोबर पहिल्या काही क्षणांत याहून जास्त गाड्या सुटतात. १९६२ ची कसोटी लावली, तर पुण्यातले झाडून सगळे मोठे रस्ते त्या हद्दीच्या केव्हाच पुढं गेले आहेत. ज्ञान होतं, संकेत होते. रस्त्यावर त्यांची जागा दुसऱ्याच कशाला तरी दिली गेली.

'पण ट्रॅक बांधले होते की! कुणी वापरलेच नाहीत,' हा सर्वांत जोरदार आक्षेप. २००६ च्या सुमारास केंद्राच्या नागरी योजनेच्या पैशातून पुण्यात बीआरटीचे, म्हणजे जलद बससेवेचे, मार्ग झाले आणि त्यांच्यालगत सायकल ट्रॅक आले. त्यांवरून जाऊन पाहावं. थोडं अंतर गेलं की विजेच्या डीपीचा खोका, मग झाड, मग बसथांब्याची मागची बाजू, मग पाणीपुरीची गाडी, मग दुकानासमोर लावलेल्या दुचाकींची रांग. पेव्हर ब्लॉक उचकटलेले. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. आणि चौक आला, म्हणजे खरा धोका सुरू झाला, की ट्रॅक नाहीसा. मधल्या पायऱ्या गळालेल्या जिन्यावरून कुणी चढत नाही म्हणून लोकांना वरचा मजला नको आहे, असा निष्कर्ष आपण काढला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ट्रॅकवर गाड्या उभ्या राहिल्या, तिथंही निष्कर्ष हाच निघाला.

दुसऱ्या टोकाला पवईचं प्रकरण आहे. तलावाच्या काठानं सायकल ट्रॅक करण्याचा मुंबई महापालिकेचा घाट २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला. न्यायालयापुढचा मुद्दा तलावाचा होता. मला खटकते ती त्यामागची कल्पना. रस्त्यातली एक लेन काढून घ्यायला हात धजत नाही, म्हणून सायकलीला तलावाकाठी, नदीकाठी, उद्यानात पाठवायचं. रविवारी सकाळी तिथं फेरी मारता येते; सोमवारी कामावर जाता येत नाही. सायकलीला विरंगुळा म्हणून जागा देणं हा तिला वाहन म्हणून जागा नाकारण्याचा सभ्य प्रकार आहे.

आणि वाहन म्हणून ती अजून जिवंत आहे. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांना प्रवासाचं साधन विचारलं होतं. सायकलीनं जाणारे सुमारे १३ टक्के निघाले, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांच्या बरोबरीनं. ही माणसं चर्चासत्रांत दिसत नाहीत. ती पहाटे पेपर टाकतात, बांधकामावर जातात, डबे पोहोचवतात, रात्रपाळी करून परततात. सायकल ट्रॅकच्या वादात आपल्या डोळ्यांपुढं हेल्मेट घातलेला, लाखभराच्या सायकलीवरचा आयटीवाला येतो. त्यामुळं विरोध करणाऱ्यालाही वाटतं की आपण श्रीमंतांच्या चोचल्यांना विरोध करत आहोत. त्याची नजर ज्याच्यावरून निसटते तो सायकलवाला त्याच्याच सोसायटीच्या फाटकावर उभा असतो.

सायकलवाले नियम मोडतात, हा आक्षेप मला मान्य आहे. ते सिग्नल तोडतात, उलट्या दिशेनं येतात, रात्री दिव्याशिवाय फिरतात. शहरातले चालणारेही दुभाजकावरून उड्या मारतात. यातला काही भाग शुद्ध बेपर्वाई आहे आणि तिला दंड हवा. पण बराच भाग रस्त्याच्या आखणीतून येतो. दुभाजक सलग बांधून दीड किलोमीटरवर वळण ठेवलं, तर मोटारीला तो काही मिनिटांचा फेरा असतो. पायानं पॅडल मारणाऱ्याला जाऊन-येऊन तीन किलोमीटरची मजुरी. शिवाय नियमभंगाची किंमत सारखी नसते. सायकलवाल्याची चूक बहुधा त्याच्याच अंगाशी येते, मोटारवाल्याची दुसऱ्याच्या. जबाबदारी वाटताना हा फरक धरायलाच हवा.

आता खरी अडचण. डच किंवा डॅनिश दाखल्यांत जी फारशी दिसत नाही आणि आपल्या रस्त्यावर जिचं राज्य आहे, ती दुचाकी. सायकल ट्रॅकवर घुसते ती बहुतेक दुचाकीच. चालकानं फुटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर वाहन घालू नये, हे १९८९ च्या नियमांतच लिहिलेलं होतं. गर्दीच्या वेळी कोण ते पाळतं? पण दुचाकीस्वाराला खलनायक ठरवून भागणार नाही, कारण रस्त्यावर सर्वांत जास्त मरतो तोच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत दुचाकीवरचे जवळपास ४५ टक्के होते आणि पायी चालणारे सुमारे २० टक्के. म्हणजे सायकलवाल्याला कट मारून जाणारा हाच पुढच्या चौकात डंपरच्या चाकाखाली जाऊ शकणारा माणूस आहे. त्यानं लूना घेतली, स्कूटर घेतली, ती बस वेळेवर येत नव्हती आणि सायकल धोक्याची झाली म्हणून. शहरातला वेग उतरला तर सायकलीच्या खालोखाल फायदा त्याचाच आहे. सायकल आणि दुचाकी यांचं भांडण लावून दिलं की डंपर आणि वेग वाढवणारा उड्डाणपूल, दोघेही चर्चेतून निसटतात.

'वेग उतरवला तर शहर ठप्प होईल' ही भीती उरते. ती आकड्यांवर घासून पाहू. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागत होती. हिशेब केला तर वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे लाखो रुपयांची गाडी, इंधन, उड्डाणपूल आणि रस्तारुंदी एवढं सगळं खर्चून आपण सायकलीहून जेमतेम पुढं आहोत. मग तो ५० चा, ६० चा वेग कुठं असतो? दोन सिग्नलांच्या मधल्या मोकळ्या तुकड्यात, आणि रात्री. पुढच्या लाल दिव्याशी तो आपल्याला चार क्षण आधी नेऊन उभं करतो. माणसं मारण्याची क्षमता या तुकड्यांतल्या वेगात आहे, आणि प्रवासाचा वेळ वाचवण्याची त्याची क्षमता नगण्य आहे. ज्याचा सौदा इतका तोट्याचा, तो वेग सोडायला शहरानं एवढं का कचरावं?

म्हणून माझी मागणी सायकलवाल्यांच्या नेहमीच्या मागणीहून थोडी वेगळी आहे. आणखी एक आराखडा नको. २०१७ मध्ये पुणे महापालिकेनं मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात ८०० किलोमीटरहून अधिक मार्ग कागदावर आहेत. त्याच सुमारास रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशा झाल्या. सुरुवात वेगापासून करावी. पेठांतल्या आणि वस्त्यांतल्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा, आणि ती फलकानं नव्हे तर उंचावलेल्या चौकांनी, आवळलेल्या वळणांनी पाळायला लावणारी. तिथं ट्रॅकची गरजच नाही. सायकल मधोमध जाईल. मोठ्या रस्त्यांवर, जिथं बस आणि मालवाहतूक चालायची आहे, तिथं कठड्यानं वेगळा केलेला, चौकातही न तुटणारा ट्रॅक. मोजके रस्ते घ्यावेत, पण एका शाळेपासून एका वस्तीपर्यंत किंवा एका कारखान्यापासून एका स्टेशनपर्यंत सलग पुरे करावेत. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाले, तेव्हा जागा नाही म्हणणाऱ्यांना जागा निघते हे दिसलं होतं.

ती जागा येते पार्किंगमधून, आणि राजकीय धैर्य लागतं ते इथं. २०१८ मध्ये महापालिकेनं पार्किंग धोरण आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि ते अखेर कसं मोजक्या पाच रस्त्यांपुरतं आक्रसलं, हे पुणेकरांनी पाहिलं आहे. रस्त्याच्या कडेला फुकट उभी असलेली मोटार दहा-बारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन दिवसभर अडवते, आणि तिच्या मालकाला ती सवलत वाटतही नाही. सायकलीला मात्र दोन मीटर मागितले की रस्ता अरुंद होतो.

मी जे मागतो आहे त्याची किंमत आहे आणि ती गाडीवाल्याला मोजावी लागेल. दुकानासमोर गाडी लावता येणार नाही, थोडं चालावं लागेल. पाच किलोमीटर न थांबता ५० ऐवजी ३० नं गेलं तर चार मिनिटं जास्त लागतील. पुण्यात न थांबता पाच किलोमीटर जाणं कुणाच्या नशिबी असेल तर. ही गैरसोय खरी आहे, आणि तिला गैरसोयच म्हणावं. आज मात्र उलट बाजूची किंमत दुसरं कुणीतरी भरत आहे: जीव मुठीत धरून कामावर जाणारा मजूर, शाळेच्या रिक्षासाठी दरमहा पैसे मोजणारं घर, मुलीला एकटीला सायकलवर पाठवायला न धजावणारे आईबाप. चार मिनिटं एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला ठेवून महापालिकेच्या सभेत उघड मतदान व्हावं. आजवर हा निर्णय आपण कधी घेतलाच नाही. वेगानं तो परस्पर घेऊन टाकला.